शेजारच्या आसनाची मर्यादा

एस. टी.च्या बाकावर किंवा रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याला "कुठले आपण?" असे विचारणे हा महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत शिष्टाचारच मानला जात असे. पाठोपाठ गाव, नोकरी, मुलेबाळे यांची चौकशी होई, दशमी-चटणीचा डबा उघडला जाई आणि उतरताना अगत्याने निरोप घेतला जाई. हीच सवय बरोबर घेऊन मराठी माणूस विमानात चढला. तेथे मात्र ही विचारपूस पुष्कळदा जाचक ठरते.

याचे कारण बरेचसे जागेत आहे. रेल्वेत बोलणे नकोसे झाले तर दारापाशी जाऊन उभे राहता येते किंवा वरच्या बर्थवर आडवे होता येते. विमानातील साध्या वर्गाचे आसन जेमतेम सतरा-अठरा इंच रुंद असते आणि कमरेला पट्टा असतो. सुटकेचा मार्ग नसतो. शिवाय विमानातील अखंड घरघर ८० डेसिबलच्या आसपास असल्याने बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. घर किती दिवस बंद राहणार, मुलाला पगार किती, असे तपशील मग पुढच्या-मागच्या रांगांनाही विनासायास कळतात.

याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून मुंबईला थेट येणाऱ्या विमानात माणसे तासन्‌तास शेजारी बसतात. त्यांत सुटीवर निघालेले असतात, तसेच वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून मिळेल ते तिकीट काढून निघालेलेही असतात. "काय, सुटीवर का?" हा निरुपद्रवी प्रश्न अशा माणसाने कसा झेलावा? खरे सांगावे तर अनोळखी माणसासमोर अश्रू, आणि लपवावे तर मनाला बोचणारे असत्य.

दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोतील रेल्वे व बसच्या प्रवाशांवर केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी शेजाऱ्याशी बोलणे कंटाळवाणे होईल असे लोकांना वाटत होते. प्रत्यक्षात बोललेल्यांनी आपला प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखद झाल्याचे नोंदवले. मात्र तो प्रवास रोजचा आणि थोड्या वेळाचा होता. स्थानक आले की संभाषणही आपोआप संपत असे. विमानात ते संपवण्याची जबाबदारी माणसावरच येते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये सार्वजनिक वर्तनाविषयी लिहिताना एक मार्मिक कल्पना मांडली. समोरच्याच्या अस्तित्वाची नजरेने दखल घ्यावी आणि मग नजर काढून घेऊन त्याला त्याचे एकांत द्यावे. तिला 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. विमानात नेमके हेच उपयोगी पडते. आसनावर बसताना स्मितपूर्वक "नमस्कार" म्हणावे, सामान वर ठेवण्यास हात द्यावा आणि मग पुस्तक उघडावे. आरंभीच तोंड फिरवणाऱ्याचे मौन तुसडे वाटते. नमस्कारानंतरचे मौन कुणाला खुपत नाही.

तरीही संभाषण लांबले, तर खोटी सबब सांगण्याची गरज नसते. "आपल्याशी बोलून बरे वाटले, आता थोडा वेळ डोळे मिटतो," एवढे पुरते. कानावरचा हेडफोनही न बोलता हेच सांगतो. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना इंजिनांच्या आवाजात संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी आवाजाने आवाज खोडण्याची गणिते त्या विमानातच मांडली होती. जैन भोजन आधी नोंदवलेल्या प्रवाशाला आणखी एका प्रसंगाची तयारी ठेवावी लागते. विशेष भोजनाचे ताट बहुधा सर्वांच्या आधी येते आणि "बटाटाही चालत नाही?" हा प्रश्न ताटापाठोपाठ येतो. त्याला दोन वाक्यांत प्रसन्न उत्तर द्यावे, प्रवचन टाळावे. आणि ज्याला मनापासून गप्पा हव्या असतील, त्याने विमान उतरू लागेपर्यंत थांबावे. तेव्हा संभाषणाला आपोआप शेवट असतो आणि शेजारीही मोकळा झालेला असतो.

मौनाचा हा नियम कुठे मोडावा, हे कळणे मात्र त्याहून महत्त्वाचे. लेकीच्या बाळंतपणासाठी प्रथमच परदेशी निघालेल्या आजीबाईंना पट्टा लावता येत नसतो, छापील अर्ज वाचता येत नसतो, विमान हादरले की त्या खुर्चीचा हात घट्ट धरतात. त्या क्षणी हेडफोन काढून "घाबरू नका आजी, हे नेहमीचेच आहे," असे म्हणणारा शेजारी त्यांना जन्मभर आठवतो. त्यानंतर त्यांनी नातवाची गोष्ट सुरू केली, तर ती ऐकून घ्यावी. पुस्तक परतीच्या प्रवासातही वाचता येते.