इबेरियन डुक्कर आणि ओकचं रान

डुकराच्या मांसाची प्रत ते शिजवणाऱ्याच्या हाती येण्याआधीच बरीचशी ठरलेली असते. जात, खाद्य आणि संगोपन ती ठरवतात, हे सगळेच सांगतात. पण या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत, की एकीवरच भर दिला तर पदरी फारसं काही पडत नाही. स्पेनच्या नैर्ऋत्येकडे, एस्त्रेमादुरा आणि अंदालुसिया भागांत, विरळ ओकवृक्षांची कुरणं आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास ओकची फळं गळू लागली की काळसर इबेरियन डुकरं तिथे मोकळी सोडतात. फळ दाताखाली फोडायचं, टरफल थुंकायचं, आतला गर खायचा, असा त्यांचा दिवसभर उद्योग चालतो. गाईच्या पोटातले जीवाणू खाल्लेल्या तेलाचं रूप पालटतात. डुकराच्या पोटात तसं फारसं घडत नाही, त्यामुळे ते तेल बरंचसं जसंच्या तसं चरबीत उतरतं. ओकच्या फळात ऑलिव्हसारखंच ओलेइक आम्ल भरपूर. म्हणून या डुकराच्या चरबीत निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो, आणि खारवून वाळवलेल्या मांडीचा पातळ काप नुसत्या खोलीच्या उबेने चमकू लागतो. मात्र ही चरबी मांसाच्या धाग्यांत मुरवणं ही या जातीची देणगी आहे. कमी चरबीसाठी पैदास केलेल्या डुकराला तीच फळं चारून तसा काप मिळत नाही.

मग ओलेइकने समृद्ध सूर्यफुलाचं खाद्य शेडमध्येच का देऊ नये? स्पेनमध्ये तसं झालंही. पूर्वी चरबीतली आम्लं मोजून रानातलं डुक्कर ओळखत. असं खाद्य आलं आणि ती चाचणी भरवशाची राहिली नाही. पण रानातलं डुक्कर हिरवं गवतही खातं. त्यातलं ई जीवनसत्त्व, दोन-तीन वर्षं टांगून ठेवलेल्या मांडीची चरबी खवट होऊ देत नाही. २०१४ च्या स्पॅनिश नियमांत रानातले किमान ६० दिवस आणि तिथे वाढलेलं सरासरी किमान ४६ किलो वजन पाहिलं जातं. मांडीवरच्या सर्वोच्च प्रतीच्या काळ्या लेबलासाठी आईबाप दोन्ही शुद्ध इबेरियन लागतात.

जातीची निवड चुकली तर काय होतं, हे बेल्जियमच्या पिएत्रँ जातीने दाखवलं. भरगच्च स्नायू आणि नाममात्र चरबी, म्हणून ती लोकप्रिय झाली; पण तिच्यात ताण न सोसणारं एक जनुक सर्रास होतं. असं डुक्कर घाबरलं की कत्तलीनंतर स्नायू अजून गरम असतानाच त्यांत आम्ल झपाट्याने वाढतं आणि मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं होतं. १९९१ मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला आणि तो पैदाशीतून काढणं सोपं झालं. तरी हे जनुक नसलेलं जनावरही वाहतुकीत मारझोडीने बिथरलं तर मांस बिघडतंच.

हे सारं श्रीमंतांचं खाणं, असा आक्षेप रास्तच आहे. हेक्टरी जास्तीत जास्त सव्वा डुक्कर पोसणाऱ्या रानातून सर्वांचं पोट भरणार नाही. पण सदोष जनुक टाळणं, खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळणं, चरबी लिबलिबीत करणारं मका-सोयाबीनचं तेल शेवटच्या महिन्यांत आवरणं आणि कत्तलीआधी जनावराला शांतपणे विसावू देणं, यांसाठी ओकचं एकही झाड लागत नाही; साध्या शेडमधल्या पालकालाही हे आजपासून करता येतं.