परदेशांतलें बिऱ्हाड

मुलाला जर्मनींत नोकरी लागली असें कळलें म्हणजे आपल्याकडील घरांत पहिला प्रश्न पगाराचा निघतो, दुसरा थंडीचा, आणि तिसरा, वडील बायकांच्या तोंडून, जेवणाखाण्याचा. तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु स्टुटगार्ट येथें चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं कार्तिकापासून पौषापर्यंत तीन महिने राहून आल्यावर आमची खात्री झाली आहे कीं, विचारावयाचा प्रश्न चौथाच असून तो सहसा कोणी विचारीत नाहीं. नोकरी करणाऱ्याच्या पाठोपाठ त्या घरांत जें दुसरें माणूस जातें, त्याच्या दिवसाचें काय होतें? नोकरदारास सकाळीं जावयास जागा असते, तेथील व्यवहार बहुधा इंग्रजींत चालतो, दोनचार सोबती भेटतात. परदेश म्हणजे काय वस्तु आहे हें खरें कळतें तें घर सांभाळणाऱ्या माणसाला.

आमची सूनबाई दंतवैद्य आहे. पुण्यास तिचा स्वतःचा दवाखाना चार वर्षें चालला होता. तो बंद करून ती गेली, एवढें येथें प्रथम सांगून ठेवतों.

स्टुटगार्ट हें बाडेन-वुर्टेंबेर्ग राज्याच्या राजधानीचें शहर. वस्ती सुमारें सहा लक्ष. चोहोंकडे टेकड्या, मध्यें वाटीसारख्या खोलगट जागेंत शहर, आणि द्राक्षांचे मळे उतारावरून अगदीं घरांच्या परसापर्यंत आलेले. बॉश यांचा कारखाना १८८६ सालीं येथेंच निघाला. मर्सिडीज व पोर्शे या मोटारींचीं मुख्य ठाणींही येथेंच. त्यामुळें पुण्याकडे यंत्रशास्त्र शिकलेलीं मुलें या गांवीं पुष्कळ भेटतात. मुंबई व स्टुटगार्ट यांचें भगिनीनगरांचें नातें १९६८ पासूनचें आहे. आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यास मात्र या गांवाचें अगत्य निराळ्या कारणानें वाटावें. बोथलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सेंट पीटर्सबर्ग येथें छापला गेला. त्या दोघांपैकीं रूडोल्फ रोट यांचा जन्म १८२१ सालीं स्टुटगार्ट येथें झाला, व पुढें जवळच्याच ट्युबिंगेनच्या विद्यापीठांत ते अध्यापक होते. ज्या गांवच्या माणसानें आपल्या एकेका शब्दाचा एवढा माग काढला, त्याच गांवीं आमच्या सुनेला औषधाच्या दुकानांत खोकल्याचें औषध मागावयास शब्द सांपडूं नये, याचें आम्हांला पहिल्याच आठवड्यांत मोठें नवल वाटलें.

तेथें बिऱ्हाड थाटणें ही गोष्ट आपल्याकडील कल्पनेनें समजत नाहीं. भाड्याच्या घरांत पुष्कळदां स्वयंपाकघरच नसतें. म्हणजे खोली असते, भिंतींतून नळाचें तोंड बाहेर आलेलें असतें; पण ओटा, शेगडी, कपाटें हें सर्व मागील भाडेकरू आपल्याबरोबर घेऊन गेलेला असतो, किंवा नव्या भाडेकरूस विकूं पाहतो. भाडें दोन प्रकारचें सांगतात, ‘थंड’ आणि ‘ऊन’. थंड भाडें म्हणजे नुसत्या जागेचें. ऊन म्हणजे ऊब, पाणी, कचरा इत्यादि खर्च धरून. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेतां येत नाहीं असा कायदा आहे. घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत, घरमालकाची चिठ्ठी घेऊन, नगराच्या कचेरींत नांव नोंदवावें लागतें. त्या वेळीं धर्मही विचारतात. आपल्या माणसास हें ऐकून दचकावयास होतें. पण कारण एवढेंच कीं, तेथील मुख्य ख्रिस्ती पंथांच्या सभासदांकडून सरकार प्राप्तिकराबरोबर देवळाचा कर वसूल करतें, व त्या राज्यांत तो प्राप्तिकराच्या शेंकडा आठ आहे. ज्याचा तो धर्म नाहीं त्याला तो कर नाहीं.

न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते, म्हणून बादलीभर पाणी अंगावर ओतून स्नान करण्याचें सुख विसरावें लागतें. आमच्या कुटुंबास हें शेवटपर्यंत मानवलें नाहीं. हिंवाळ्यांत खिडक्या घट्ट लावून बसावें तर तेंही चालत नाहीं. दिवसांतून दोनतीन वेळां त्या पांचदहा मिनिटें सताड उघडून घरांतील दमट हवा बाहेर घालवावी लागते, नाहींतर भिंतींवर बुरशी धरते व ती भाडेकरूच्या माथीं येते. कुकर व फोडणी यांच्या वाफेचा हिशेब तेथील भिंती बांधणाऱ्यांनीं धरलेला नाहीं. कचऱ्याचे वर्ग तर इतके कीं, ओला कचरा, कागद, वेष्टणें व उरलेलें असे चार डबे घरांत, आणि कांच ती पांढरी, हिरवी, तपकिरी अशी निवडून रस्त्यावरील पेटींत. तीही रविवारीं किंवा रात्रीं टाकावयाची नाहीं, कारण आवाज होतो.

रविवारचें माहात्म्य तेथें फार. दुकानें बंद असतात. स्टेशनांतील कांहीं दुकानें काय तीं उघडीं. रविवारच्या विश्रांतीस राज्यघटनेचाच आधार आहे: १९१९ च्या घटनेंतील तें कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यांत तसेंच उचलून घेतलें. रात्रीं दहानंतर व रविवारीं शेजाऱ्यास उपद्रव होईल असा आवाज करूं नये अशी रीत. आम्ही पोचण्याच्या अगोदरची गोष्ट. एका रविवारीं सूनबाईनें मिक्सरवर नारळाची चटणी वाटली, आणि दुसऱ्या दिवशीं पत्रपेटींत खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंची चिठ्ठी आली. चिठ्ठी तिला वाचतां येईना. तिनें ती दूरध्वनि-यंत्राकडून भाषांतरून घेतली, तों ती दटावणीसारखी उतरली. चिरंजीव कचेरींत. ती दिवसभर जेवली नाहीं. पुढें तीच चिठ्ठी जर्मन जाणणाऱ्या एकानें वाचली, तेव्हां तींत ‘कृपया’ दोन वेळां होतें असें निघालें!

या बाईंचें पुढें काय झालें तें सांगण्यासारखें आहे. श्वाबेन प्रांतांत ‘केरवोखं’ म्हणून एक जुनी चाल आहे. शब्दशः अर्थ ‘झाडलोटीचा आठवडा’. एकेका आठवड्यास एकेका बिऱ्हाडाची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते, आणि त्यानें आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसावयाचा. मोठी पाळी असेल तर दारापुढील वाट, तळघर, व बर्फ पडलें तर तेंही. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसावयाचाच. नव्या पिढीचे लोक या चालीस हंसतात. आमच्या कुटुंबानें वाड्यांतील सडासंमार्जनाच्या पाळ्यांत जन्म काढलेला, त्यामुळें साऱ्या जर्मनींत तिला ही एकच गोष्ट ताबडतोब समजली. सूनबाईनें तर पाळीच्या दिवशीं वहींतून घोकून घेतलेलें एक वाक्य खालच्या बाईंपुढें म्हटलें: चटणीबद्दल क्षमा, आणि जिना कसा पुसावा तें दाखवाल का? बाईंनीं दाखविलें. कोपरे कसे काढावे तेंही दाखविलें. त्या दिवसापासून जिन्यावर रोज पांच मिनिटें, पुढें अर्धा तास, अशी शिकवणी सुरू झाली. आमच्या मतें वर्गांतील शिक्षणाहून या जिन्यावरील शिक्षणाचा उपयोग तिला अधिक झाला. एक अडचण होती. बाई श्वाबेनची बोली बोलत, आणि ती पुस्तकी जर्मनहून, आपल्याकडे पुणेरी मराठीहून कोंकणांतली बोली असते तशी, वेगळी. घरास ‘घरुलें’ म्हणावें तसा ‘ले’ प्रत्यय हव्या त्या शब्दास लावतात; भेटल्यावर ‘देवाचा नमस्कार’ अशा अर्थाचें ‘ग्रूस गॉट’ म्हणतात, तें मात्र आपल्या रामरामाजवळचें म्हणून आमच्या जिभेवर लवकर बसलें.

भाषेची बाजू आम्हीं आपल्याकडे घेतली होती. आम्हांला जर्मन येत नव्हतें, पण व्याकरण म्हणजे काय हें ठाऊक होतें. आणि सूनबाईला जर्मनची भीति होती ती व्याकरणाचीच. चारच विभक्ति: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी. आठांशीं झगडलेल्याला चारांचें भय कसलें? लिंगें तीन, तीं मराठीच्या मुलास जन्मापासूनच अवगत. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी कां, म्हणून ती चिडली, तेव्हां आम्हीं तिला विचारलें, आपण ‘तें पोर’ म्हणतों तें कोणत्या लिंगाचें? संस्कृतांत तर पत्नीवाचक ‘दार’ शब्द पुल्लिंगी व बहुवचनी, आणि ‘कलत्र’ नपुंसक. क्रियापदाचा पहिला तुकडा तुटून वाक्याच्या शेवटीं जाऊन बसतो, याचा तिला फार जाच होई. वेदांत उपसर्ग धातूपासून असेच दूर जातात व पाणिनीनें त्याची नोंद केली आहे, हें सांगितल्यावर जाच कमी झाला असें नव्हे, पण राग गेला. दांतास तेथें ‘त्सान’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘दन्त’ हे एकाच मूळचे. गुडघ्याचा ‘क्नी’ व आपलें ‘जानु’, तसेंच पायाचा ‘फूस’ आणि ‘पाद’, यांचेंही नातें तेंच. हे शब्द तिनें एका दिवसांत पाठ केले.

जेवणाविषयीं फार लिहीत नाहीं. डाळ, तांदूळ, पीठ सर्व मिळतें. तेथील ‘श्पेट्झले’ नांवाच्या शेवयांबरोबर मसुराची उसळ वाढतात हें ऐकून आम्ही हर्षभरित झालों होतों, परंतु त्या शेवयांत अंडें असतें व उसळीवर बहुधा सॉसेज. दिवस मात्र लहान. मार्गशीर्षांत सूर्य साडेचाराच्या सुमारास मावळे आणि दिवसाची लांबी सव्वाआठ तासांच्या जवळपास. सायंसंध्या करावी तों चहाचीच वेळ. अंधाराचें तें ओझें एकट्या माणसावर किती पडत असेल, याची कल्पना पत्रांतून येत नाहीं.

आतां परवान्याची गोष्ट. परदेशीं शिकलेल्या दंतवैद्यास तेथें रोग्यास हात लावण्यापूर्वीं सर्वसाधारण जर्मनची बी-२ ही पायरी ओलांडावी लागते, नंतर वैद्यकीय भाषेची परीक्षा त्याहून वरच्या पायरीची. तींत वीस वीस मिनिटांचे तीन भाग: रोग्याशीं संभाषण, त्याचें टिपण लिहिणें, व दुसऱ्या वैद्याशीं चर्चा. शिवाय आपलें शिक्षण तेथल्याशीं समान आहे हें ठरावें लागतें, नाहींतर ज्ञानाची वेगळी परीक्षा. या सर्वांस वर्षें जातात. त्या काळांत नातेवाइकांचे दूरध्वनि येत. ‘दिवसभर घरींच असतेस ना? मग करतेस काय?’ असें विचारणारे आमच्याच गोतांतले होते, आणि त्यांतील दोघे पदवीधर. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या व जर्मन शिकून तेथें डॉक्टर झाल्या, याचा अभिमान हेच लोक सांगत असतात.

सूनबाईची बी-२ परीक्षा चैत्रांत उतरली. खालच्या बाईंनीं त्या आठवड्याची तिची पाळी स्वतः केली, व पाटी मात्र हिच्याच दारावर ठेवली. हल्लीं आठवड्यांतून दोन दिवस, येथें रात्रीचे नऊ म्हणजे तेथें उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणें साडेपांच वाजतां, आम्ही दूरध्वनीवर रोगी होऊन बसतों. डाव्या बाजूची खालची दाढ तीन दिवस ठणकते आहे, ऊन चहा लागला म्हणजे कळ जाते, एवढें जर्मन आम्हांस पाठ झालें आहे. ती प्रश्न विचारते, आमच्या विभक्ति सुधारते, आणि टिपण लिहून खालच्या बाईंना दाखविते. परीक्षेचा दिवस अद्याप ठरावयाचा आहे.