विसणाचे शास्त्र

संस्थेच्या या स्मरणिकेसाठी धार-देवासकडील जुन्या घरांतून नित्य उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे ठरविले तेव्हा पहिली आठवण झाली ती न्हाणीघराची. काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका पहाटे मी वुजूसाठी अंगणातील नळ सोडला आणि त्याच क्षणी आत शॉवरखाली स्नान करीत असलेल्या वृद्ध अम्मीची किंकाळी ऐकू आली. तिच्या खांद्यावर कढत पाणी पडले होते. फोड यथावकाश बरे झाले. परंतु तो नळ माझ्या हाताने सुटला होता, ही गोष्ट मनातून गेली नाही. असे का घडते व ते कसे टाळावे, हे येथे थोडक्यात सांगतो.

आपल्या वाडवडिलांना ही भीती नव्हती. तांब्याच्या बंबात पाणी तापे, ते घंगाळात काढीत, त्यात विसण घालीत आणि बोटे बुडवून पाहिल्यावरच पहिला तांब्या अंगावर घेत. विसण आधी घातले जाई, स्नान मागाहून होई. शॉवरमध्ये मात्र पाणी अंगावर पडत असतानाच क्षणोक्षणी विसण घातले जाते. थंड पाण्याचा ओघ जरा कमी झाला की विसण कमी पडलेच.

साधे गणित पाहा. गीझरचे पाणी ६० अंश आणि हिवाळ्यातील टाकीचे पाणी १५ अंश धरले, तर दोहोंच्या समान मिश्रणाचे उष्णमान साडेसदतीस अंश येते; ते अंगाला सुखकर असते. आता थंड पाणी निम्मे झाले, तर तेच मिश्रण ४५ अंशांवर जाते. थंड पाणी अजिबात थांबले, तर ६० अंशांचे पाणी थेट अंगावर येते. एवढ्या उष्ण पाण्याने सुमारे पाच सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकते; बालके व वृद्ध यांची त्याहूनही लवकर.

जुन्या घरांत हे अधिक का घडते? एक तर टाकी गच्चीवर थोड्याच उंचीवर असते. दर मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला जेमतेम दशांश किलो दाब मिळतो. दुसरे, अर्ध्या इंची लोखंडी नळ्या गंजाने व क्षारांनी आतून अरुंद झालेल्या असतात. तिसरे कारण आमच्या घरी होते तेच: एकाच नळीवर स्वयंपाकघर, संडास, अंगण आणि शॉवरचे थंड पाणी, आणि गीझरची शाखा मात्र वरच टाकीजवळून निघालेली. अंगणातील नळ सोडताच शॉवरचे थंड पाणी तिकडे वळते, गरम पाण्याला धक्काही लागत नाही.

गॅसच्या गीझरची तऱ्हा निराळी. त्याची ज्योत तेवढीच राहिली आणि पाणी निम्मे झाले, तर पाण्याला चढणारे उष्णमान दुप्पट होते; ओघ फारच मंदावला तर ज्योत विझून एकदम गार पाणी येते. असा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्याच्या विषारी वायूने प्राण जातात.

मांडवगडाच्या राजवाड्यांतील हमाम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे गरम आणि थंड पाण्याची सोय स्वतंत्र होती. आपल्या देवासचेच पाहा ना! थोरली आणि धाकटी पाती यांनी १९४८ पर्यंत एकाच शहरात दोन गाद्या चालविल्या. पण प्रत्येकीचा कारभार वेगळा होता. न्हाणीघराच्या पाण्यालाही असाच स्वतंत्र कारभार हवा.

आता उपाय, बिनखर्चाचे प्रथम. घरात कोणी स्नान करीत असता दुसरा नळ सोडू नये. आधी थंड तोटी उघडावी, मग गरम. बंद करताना आधी गरम. विजेच्या गीझरचा नियंत्रक ५० अंशांच्या सुमारास ठेवावा. त्याहून फार खाली नको, कारण साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. अंगण व संडास यांच्या शाखांवरील कॉक थोडे आवळून ठेवावेत, म्हणजे ते सारे पाणी ओढून घेणार नाहीत.

थोड्या खर्चात खरा इलाज होतो. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत एक इंची स्वतंत्र नळी आणावी आणि तिच्यातूनच गीझरला व थंड तोटीला पाणी द्यावे, म्हणजे दोहोंचा दाब सारखा राहील. व्यास दुप्पट केला तर त्याच दाबाने पाचपटीहून अधिक पाणी वाहते. थंड पाणी थेट नगरपालिकेच्या नळाचे आणि गरम पाणी टाकीचे, अशी जोडणी असेल तर ती बदलावी. नळ येताच आणि जाताच उष्णमान बिघडते.

ज्यांच्या घरी वृद्ध वा बालके आहेत किंवा सौर बंब आहे, त्यांनी थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवावा. त्यातील मेण उष्णतेने फुगते व गरम पाण्याची वाट आवळते. थंड पाणी थांबले तर गरमही थांबते. मात्र विकत घेताना तो कमी दाबावर चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावे.

आमच्या घरी आता न्हाणीघराची नळी स्वतंत्र आहे. तरीही पहाटे अंगणातील नळाला हात घालण्यापूर्वी मी एकदा हाक मारतो, “अम्मी, आत कोणी आहे का?” ही सवय फुकट आहे, ती प्रत्येक घराने लावून घ्यावी, एवढीच विनंती.