पाणीपट्टीत नसलेली मजुरी

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये नेहरू चौकातून गजानन मार्केटकडे चालत गेलं, तर जंगल औषधालाही सापडत नाही. दिसतात त्या गच्चीगच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हास नदीवरून नाव पडलं. नाव नदीचं असलं तरी महापालिकेकडे आजही स्वतःचं धरण नाही. पाणी एमआयडीसीकडून विकत घ्यावं लागतं. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीत येतं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग शहरांना, कारखान्यांना पोहोचतं. त्याचा दर ठरतो, थकबाकीवरून वाद होतात. पण धरणाच्या वरच्या अंगाला, मुरबाडच्या डोंगरात राहणाऱ्यांचं नाव या हिशेबात कुठेच नसतं.

नुकसानभरपाई त्यांतल्या काहींना मिळाली. एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधलेल्या बारवीची उंची पुढे वाढवली गेली, आणखी घरं-शेतं पाण्याखाली गेली. मोठ्या संघर्षानंतर बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी किंवा त्याऐवजी रोख रक्कम, असा तोडगा निघाला. हा मोबदला बुडालेल्या जमिनीचा. जे जंगल अजून उभं आहे, ज्याच्यामुळे धरणात गाळ कमी येतो आणि ओढे पावसाळ्यानंतरही वाहतात, ते राखण्याची मजुरी मात्र कुणीच ठरवलेली नाही.

अशी मजुरी देण्याची पद्धत जगाला नवी नाही. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. त्यासाठी इंधनावरच्या कराचा काही भाग वळवला. आपल्याकडे हिमाचलातल्या पालमपूरने २०१० मध्ये हेच छोट्या प्रमाणात केलं. शहराला पाणी देणाऱ्या बोहलच्या झऱ्याचं पाणलोट राखावं म्हणून नगरपरिषदेने गावांच्या वन समितीशी २० वर्षांचा करार केला आणि वर्षाला १० हजार रुपये द्यायचं कबूल केलं. रक्कम किरकोळच, पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याचं देणं कागदावर मान्य केलं.

पैशाने पोट आणि निसर्ग दोन्ही सांभाळता येतात का, हे पाहायचं तर कोकण किनाऱ्यावर जावं. जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव अडकलं की त्याच्या पुढच्या परांभोवती जाळ्याची आसं घट्ट बसतात. सोडवायला गेलं तर कासव धडपडतं आणि गुंता वाढतो. मग कोयत्याने जाळं कापण्यावाचून गत्यंतर नसतं. व्हेल शार्क असेल तर जाळ्याचा मोठा तुकडाच समुद्राला द्यावा लागतो. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार अशा संरक्षित प्राण्याला जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ आणि अर्ज लागतो. योजना चांगली आहे, कारण पैसा थेट केलेल्या कामाशी बांधलेला आहे. पण भरपाई जाळ्याची. फाटक्या जाळ्यामुळे बुडालेल्या मासेमारीच्या दिवसांचा हिशेब त्यात नाही. कर्ज काढून जाळं घेतलेल्याला हा फरक फार जाणवतो.

कांदळवनांची योजना एक पाऊल पुढे गेली. २०१७ पासून किनाऱ्यावरच्या गावांत गट करून खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा, कांदळवन पर्यटन असे उद्योग उभे करायला अनुदान मिळतं. गटाच्या उद्योगाचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. कांदळवन तोडलं तर खेकडा गेला, हे गटाला सांगावं लागत नाही. भरपाई एकदाच हाती पडते, उद्योग चालला तर दरवर्षी हाताला काम मिळतं.

या सगळ्या योजनांची एक दुखरी नस आहे. पैसा कागद ज्याच्या नावावर त्याच्याकडे जातो. कोस्टारिकातही सुरुवातीचा फायदा बराचसा मोठ्या जमीनमालकांच्या पदरात पडला. आपल्याकडे सातबारा पाहून वाटप केलं, तर मुरबाड-अंबरनाथच्या पट्ट्यातला कातकरी आणि ठाकूर आधी गळणार. आणि जंगल राखायचं म्हणून सरपण, चराई बंद झाली, तर पहिला फटकाही त्यालाच. याला उतारा आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तर मोबदला ग्रामसभेच्या खात्यात जमा करता येतो. भूमिहीन माणूसही ग्रामसभेचा सभासद असतोच.

म्हणून बारवीच्या पाण्यासाठीही पालमपूरसारखा करार व्हायला हवा. उल्हासनगर महापालिका आणि एमआयडीसी, दोघांनी पाण्याच्या दरातला ठरावीक वाटा पाणलोटातल्या ग्रामसभांना दरवर्षी द्यावा. तो वेळेवर द्यावा, केलेल्या कामावर द्यावा आणि सरपण-चराईची सोय लावून मगच बंधनं घालावीत. या तीन अटी पाळल्या नाहीत, तर अशी योजना गरिबाच्या माथी आणखी एक मनाई मारून मोकळी होते. पुढच्या वेळी नगरसेवक मतं मागायला दारात येतील, तेव्हा पाणी किती तास येणार हे विचारालच. ते येतं त्या डोंगरातल्या माणसाला आपण काय देतो, हेही विचारा.