मोटारींतील विजेची मर्यादा

सन २०२१ च्या सप्टेंबरची दुसरी तारीख होती. श्रावण संपत आला होता. सायंकाळीं दिवेलागणीच्या सुमारास आमच्या चिरंजीवांचा अमेरिकेहून फोन आला. आदल्या रात्रीं ‘आयडा’ वादळाच्या अवशेषानें न्यू जर्सी प्रांतांत प्रचंड पाऊस पाडला होता आणि त्यांच्या घरापुढील रस्त्यास नदीचें रूप आलें होतें. मंडळी सुखरूप होती. परंतु दारांतील मोटार रात्रभर पाण्यांत उभी राहिली होती. पाणी आंतल्या बैठकीपर्यंत चढलें होतें.

“आतां पाणी ओसरलें, अण्णा. ऊनही पडलें आहे,” तो म्हणाला. “एकदां कळ दाबून पाहतों. चालू झाली तर निदान उंचावर नेऊन ठेवितों.”

“अरे, थांब!” मीं म्हटलें. “कळीस हात लावूं नकोस. आधीं तें पुस्तक काढ.”

तें पुस्तक मला कसें ठाऊक, हें सांगितलें पाहिजे. २०१९ सालीं आम्ही उभयतां सहा महिने त्यांच्याकडे राहिलों होतों. जन्म मास्तरकींत गेलेला. छापील पान दिसलें कीं वाचल्याखेरीज राहवत नाहीं. मोटारीबरोबर आलेलें माहितीपुस्तक घरांत कोणींच उघडलें नव्हतें. तें मीं शब्दकोश जवळ घेऊन आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढिलें. सूनबाई हंसत. “परीक्षा केव्हां आहे, अण्णा?” असें विचारीत. ती परीक्षा अशी अकस्मात् आली! मोटार पाण्यांत बुडाली तर ती चालू करूं नये, चार्ज करूं नये व विक्रेत्यास कळवावें, अशा अर्थाची सूचना मला पक्की आठवत होती.

ही मोटार ‘प्लग-इन हायब्रिड’ जातीची, म्हणजे दुहेरी शक्तीची. तींत पेट्रोलचें इंजिन असतें, विजेवर फिरणारें यंत्रही असतें, आणि त्या यंत्राची बॅटरी घरच्या भिंतींतील विजेनें भरतां येते. उदाहरणादाखल टोयोटा कंपनीची २०१६ सालीं निघालेली ‘प्रियस प्राइम’ घेऊं. तिच्या बॅटरींत सुमारें ३.७ व्होल्टचे ९५ घट एकापुढें एक जोडलेले असून त्यांचा एकूण दाब ३५१.५ व्होल्ट होतो. सांठा म्हणाल तर आपल्या वीजबिलाच्या हिशेबानें ८.८ युनिटांचा. जुन्या मोटारींतील बॅटरी १२ व्होल्टची, आणि आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या संख्येचा अर्थ कळेल. एवढ्या दाबाची वीज शरीरांतून गेली तर प्राणांवर बेतूं शकतें.

सर्पास फुत्कार आहे, विस्तवास धूर आहे. विजेस रंग नाहीं, वास नाहीं, आवाज नाहीं. म्हणूनच ज्या तारांतील एकदिश प्रवाहाचा दाब ६० व्होल्टांहून अधिक, त्यांस डोळ्यांत भरेल असें नारिंगी आवरण घालितात. घरांतल्या मुलाबाळांस एवढें सांगून ठेवावें कीं, नारिंगी दिसलें कीं हात मागें.

याचा अर्थ अशा मोटारींत बसणें धोक्याचें आहे असा मात्र नव्हे. उच्च दाबाचें मंडल मोटारीच्या लोखंडी सांगाड्यापासून अगदीं अलग ठेविलेलें असतें. कोठें गळती होऊं लागली तर आंतील संगणक इशारा देतो. जोराची टक्कर झाली तर पुरवठा आपोआप तुटतो. रचनाकारांनीं भक्कम कुंपण घातलें आहे. तें आपण उल्लंघूं नये, एवढेंच आपल्याकडे मागणें आहे.

मोटार बंद केली म्हणजे वीज संपली, असें मात्र समजूं नये. ऋणाचा, अग्नीचा व रोगाचा शेष ठेवूं नये असें आपले वाडवडील सांगत आले. येथें तर शेष ठरलेलाच आहे. इन्व्हर्टर नांवाच्या पेटींतील कपॅसिटरमध्यें भरलेला दाब ओसरण्यास वेळ लागतो. म्हणून शिकलेला कारागीरसुद्धां विजेपासून रक्षण करणारे रबरी हातमोजे घालून पुरवठा तोडतो, १० मिनिटें थांबतो, मापकानें दाब शून्य झाल्याची खात्री करून घेतो आणि मगच काम करितो. खुद्द बॅटरीच्या पेटींत तर वीज सदैव असतेच. मग स्क्रू काढण्याची आवड असलेल्या घरच्या हौशी मंडळींनीं तेथें हात घालावा काय?

तीच गोष्ट मौनाची. इंजिनाचा आवाज नाहीं म्हणून मोटार बंद आहे असें मानूं नये. समोरच्या फलकावर ‘रेडी’ ही अक्षरें उजळलीं असतील तर ती जागी आहे आणि तिचें इंजिन आपोआप सुरू होऊं शकतें. बंदिस्त गॅरेजांत तसें घडल्यास विषारी वायु सांचेल. तेव्हां फलक विझल्याची खात्री करूनच उतरावें.

चार्ज करितांना लोंबत्या जोडतारा व सैल प्लग वापरूं नयेत. भिंतींतील जोडणी स्वतंत्र व मातीशीं जोडलेली असावी. प्लग तापत असल्यास काम थांबवावें. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे त्यांनीं चार्जिंग स्वतः करूं नये, असेंही हीं पुस्तकें बजावतात. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत तेथें हें अवश्य लक्षांत ठेवावें.

आतां पाण्याकडे वळूं. २०१२ च्या ऑक्टोबरांत ‘सँडी’ वादळाचें खारें पाणी त्याच न्यू जर्सीतील न्यूअर्क बंदरांत शिरलें. तेथें उभ्या असलेल्या ‘फिस्कर कर्मा’ जातीच्या १६ प्लग-इन हायब्रिड मोटारी जळून गेल्या. कंपनीच्या तपासांत कारण निघालें तें मोठ्या बॅटरीचें नव्हे. मिठानें १२ व्होल्टांच्या मंडलावरील एक नियंत्रक पेटी खराब होऊन ठिणगी पडली होती! विलंबही फसवा असतो. २०११ च्या मे महिन्यांत विस्कॉन्सिन येथें आदळून पाहिलेली ‘शेव्हरोले व्होल्ट’ सुमारें तीन आठवडे स्वस्थ उभी होती आणि मग पेटली. म्हणून अपघात झालेली वा बुडालेली अशी मोटार घरापासून व इतर वाहनांपासून निदान ५० फूट दूर उघड्यावर ठेवावी, असें अमेरिकेतील तज्ज्ञ सांगतात. तिच्यांतून धूर, फुसफूस वा उग्र वास आला तर सामानाचा लोभ न धरितां दूर जावें आणि अग्निशामक दलास ‘ही विजेची बॅटरी असलेली मोटार आहे’ असें आवर्जून सांगावें. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकरांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

असो. चिरंजीवांनीं पुस्तक काढिलें, तें पान वाचिलें आणि विक्रेत्यास कळविलें. तिसऱ्या दिवशीं माहितगार माणसें येऊन मोटार सपाट गाड्यावर चढवून घेऊन गेलीं. पुढें विमा कंपनीनें ती निकालांत काढिली. ती पेटली नाहीं. कळ दाबली असती तर पेटलीच असती, असें मी म्हणणार नाहीं. परंतु मुलाच्या हातानें ती परीक्षा पाहण्याची माझी तयारी नव्हती.

दसऱ्यास आपण मोटारीस हार घालितों, कुंकू लावितों. ज्यांच्या दारीं अशी नवी मोटार असेल त्यांनीं त्या दिवशीं तिच्या माहितीपुस्तकाचीं चार पानें सर्व मंडळींसमोर मोठ्यानें वाचावीं. तीही पूजाच होय.