पांढरं घुबड धाराशिवला येईल का?

पडक्या वाड्यात किंवा विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची पिल्लं सापडली की 'दुर्मिळ पांढरं घुबड' म्हणून व्हिडिओ फिरतो आणि विचारणा सुरू होते : उत्तर ध्रुवाकडचं हिमघुबड इथे आलं का? नाही. गव्हाणी घुबड इथलंच, बारमाही. हिमघुबड मराठवाड्यात येण्याची सुतराम शक्यता नाही. मात्र त्याच्या हिवाळी भटकंतीमागचं गणित आपल्या माळालाही लागू पडतं.

२०१३-१४च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिमघुबडांची रीघ लागली. एक तर पार बर्म्युडा बेटावर जाऊन पोचलं. भुकेनं दक्षिणेकडे पळालेली पाखरं, असाच बहुतेकांचा समज झाला. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमध्ये काढलेलं एका घरट्याचं छायाचित्र पाहा : घरट्याभोवती मेलेल्या लेमिंग आणि व्होल या उंदरांचं कडंच रचलेलं. मोजले तर ७० लेमिंग, ८ व्होल! त्या वर्षी उंदीर उदंड, म्हणून पिल्लंही उदंड जगली आणि थंडीत ती तरणी पाखरं दूरवर पांगली. म्हणजे दुष्काळ नव्हे, सुकाळ.

हे ज्यांना आधीच ठाऊक होतं, त्या नॉर्मन स्मिथ यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. १९८१पासून हा माणूस बोस्टनच्या लोगन विमानतळावरची हिमघुबडं पकडून सुरक्षित जागी सोडतो आहे. हाती आलेली बहुतेक पाखरं धडधाकट, अंगानं भरलेली होती. पुढे त्यांनी पाखरांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले, तेव्हा ती पुन्हा उत्तर ध्रुवाकडे परततात हेही दिसलं.

आता आपला माळ. हिवाळ्यात उत्तर आशियातून महाराष्ट्रात एक खरा पाहुणा येतो : आखूड कानांचं घुबड. ते झाडाच्या ढोलीत राहत नाही, गवतात जमिनीवर बसतं. दिवेलागणीला, कधी भर दिवसाही, लांब पंख संथ हलवत गवताच्या अगदी जवळून उडतं. पिवळे डोळे, भोवती काजळ घातल्यासारखा काळा रंग. उंदीर जिथे जास्त, तिथे याचा मुक्काम. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण स्कॉटलंडमध्ये व्होल बेसुमार माजले, तेव्हा हीच घुबडं तिथे मोठ्या संख्येनं जमली होती.

बालाघाटाच्या पठारावर ज्वारी-हरभऱ्याच्या रानाला लागून गवताळ गायरान असेल, तर त्याला उंदीरही मिळतात आणि बसायला आडोसाही. पण माळाला 'पडीक' ठरवून आपण तो नांगरतो, नाहीतर वृक्षारोपणाचे खड्डे घेतो. जमिनीवर बसणाऱ्या पाखराला त्या झाडांचा काय उपयोग?

तुळजापूर, भूम, वाशी, कळंबकडच्या वाचकांना विनंती आहे. पायाजवळून घुबड उठलं तर दगड मारू नका, मागे धावू नका. तारीख, गाव आणि जमलं तर फोटो 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. आणि ग्रामसभेत गायरानावर झाडं लावायचा विषय निघाला, तर थोडं गवत राखायला सांगा.