आक्का मंगळवारी काय करायच्या?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या महिला मंडळाची वार्षिक सभा दरवर्षी एकाच पद्धतीनं सुरू होते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन आणि मग वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली. यंदा तीन नावं होती. सचिव म्हणून ती मीच वाचली. नाव, वय, गेल्याची तारीख आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "स्वभावानं अतिशय मनमिळाऊ होत्या." दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, पण मागे चहाच्या कपांचा आवाज सुरू झाला आणि मिनिटभरातच आम्ही सगळ्या खाली बसलो. पुढचा विषय, जमाखर्च!

सभा संपल्यावर एक तरुण मुलगी माझ्याजवळ आली. आमच्या आक्कांची सून. म्हणाली, "ताई, आमच्या आई तीस वर्षं दर मंगळवारी मंडळात यायच्या. घरात पाहुणे असोत, कुणाला ताप असो, दुपारी दोनला कापडी पिशवी घेऊन बाहेर. मी कितीदा चिडलेय त्यावरून. त्या इथे नक्की काय करायच्या हो?"

मी म्हटलं, "अगं, फार मदत करायच्या सगळ्यांना." ती हसली, मान हलवून निघून गेली. आणि मी मात्र तिथेच उभी. पंधरा वर्षं मी या बाईंच्या बरोबर काम केलं होतं, आणि त्या काय करायच्या हे मला दोन वाक्यांतसुद्धा सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं. इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. आक्कांचं नाव पानोपानी होतं, पण कसं? 'सूचक' म्हणून, नाहीतर 'अनुमोदक' म्हणून. 'शिवणवर्ग पुढे चालू ठेवण्याचा ठराव सर्वानुमते संमत.' तो वर्ग कुणी चालवला, मशीन बिघडल्यावर दुरुस्तीचे पैसे कुणी दिले, बाळाला मांडीवर घेऊन येणाऱ्या मुलीचं बाळ कुणी सांभाळलं, याबद्दल एक अक्षर नाही.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट कळली आणि मी खरी हादरले. वरच्या आळीतल्या एका एकट्या म्हातारीचं निराधार योजनेचं अनुदान थांबलं होतं. या योजनेसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो तिनं दिलाच नव्हता. "आक्का यायच्या ना आठवण करायला. यंदा आल्या नाहीत, मला वाटलं लागत नसेल," ती म्हणाली. आक्का गेल्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! अशा किती जणींकडे आक्का जायच्या? त्याची यादी कुठे होती? आक्कांच्या डोक्यात. ती त्यांच्याबरोबरच गेली.

तोवर मला वाटत होतं, गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची ती त्याच्यासाठी, त्याच्या घरच्यांच्या समाधानासाठी. त्या म्हातारीच्या ओट्यावर बसल्यावर समजलं, आठवण मागे राहिलेल्यांसाठीही ठेवावी लागते. काम करणारी गेली की तिचं काम पोरकं होतं. ते कुणाचं तरी पोट असतं, कुणाचं तरी औषध असतं.

त्या रात्री मला हिंगण्याच्या बायकांची आठवण झाली. बी.ए.ला असताना त्यांच्याबद्दल वाचलं होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. अण्णा कॉलेजातलं शिकवणं आटोपून पायी तिथे जायचे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आश्रम एकट्या माणसानं चालत नाही. संस्थेला आयुष्य वाहून घेणाऱ्यांसाठी अण्णांनी निष्काम कर्ममठ काढला होता. शपथ घेऊन त्यात शिरलेल्यांत बायकाही होत्या. नात्यागोत्यापलीकडचं ते एक घरच होतं म्हणा ना.

त्या घरातल्या पार्वतीबाई आठवले आपल्याला माहीत आहेत. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी मूल. तरी त्या शिकल्या, आश्रमाची कामं सांभाळली आणि मग गावोगाव फिरून संस्थेसाठी वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही अडचण वाटू लागली, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर १९१८ मध्ये या बाई थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या! त्यांची बहीण म्हणजे बाया कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात १८८९ मध्ये शिकायला आलेली विधवा मुलगी, १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह केलेली. नवऱ्याचं सगळं लक्ष नि पैसा संस्थेकडे, घर चालवायची काळजी मात्र हिला.

हे आपल्याला कसं कळलं? तर या दोघी बहिणींनी आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवलं म्हणून. पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' १९२८ मध्ये आली, बायांचं 'माझे पुराण' १९४४ मध्ये. पण हिंगण्यात त्यांच्याबरोबर राबणाऱ्या, मुलींची आजारपणं काढणाऱ्या बाकीच्या बायका? तुमच्या-माझ्यासारख्या वाचकाला त्यातल्या किती जणी ठाऊक आहेत? काम त्यांनी कमी केलं नव्हतं.

आमच्या आक्का काही पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी नव्हत्या. म्हणून ते काम आम्हीच करायचं ठरवलं. एक दोनशे पानी वही आणली. तिघींच्या नावानं पानं सोडली आणि एका दुपारी मंडळातल्या सगळ्यात जुन्या पाच-सहा जणींना बोलावलं. मला वाटलं, तासाभरात उरकेल. दिवेलागण झाली तरी कुणी उठेना!

आक्का बचत गटाचं खातं उघडण्याआधी बायकांना सही शिकवायच्या, पाटीवर, महिना-महिना. "बँकेत अंगठा उठवायचा नाही" हा त्यांचा हट्ट. दुसऱ्या एक काकू १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आठ दिवस जुन्या साड्या निवडत बसल्या होत्या. फाटकी एकही पाठवू दिली नाही. "आपण नेसणार नाही ते त्यांना का द्यायचं?" तिसरी तर सभेत कधी तोंड उघडायची नाही, पण सरकारी दवाखान्यात बाहेरगावच्या बाळंतिणीजवळ रात्री तीच बसायची.

भांडणंही निघाली. आक्का हिशोबावरून दोनदा मंडळ सोडून गेल्या होत्या, एकीला चारचौघींत फाडकन बोलल्या होत्या. एक जण म्हणाली, "ते नको लिहायला." मी म्हटलं, "लिहू या. मनमिळाऊ, मनमिळाऊ करून आपणच तर त्यांना पुसून टाकलंय."

मग बस स्टँडजवळ शिवणकामाचं दुकान असलेल्या बाईंना भेटले. आक्कांचं नाव काढताच त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला. "बाही जोडायला त्यांनी शिकवलं मला. सात वेळा उसवायला लावली, सात वेळा! त्याच बाहीवर दोन पोरी शिकवल्या मी." हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलंय.

त्या म्हातारीचे कागद आम्ही नव्याने भरून दिले. आणखी अकरा जणींची नावं विचारून विचारून मिळाली. प्रत्येकीसमोर आता मंडळातल्या दोघींची नावं आहेत. दोघींची अशासाठी, की एक गेली तरी दुसरी असावी.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात मंडळ असेल, भजनी मंडळ असेल, बचत गट असेल. तिथली कुणी गेली तर फोटोला हार जरूर घाला. पण ती नेमकं काय करायची, कुणाकडे जायची, कुणाशी आणि कशासाठी भांडायची, हे लिहून ठेवा. खरं तर ती असतानाच विचारा, म्हणजे तिलाही बरं वाटेल.

ती वही घेऊन मी परवा आक्कांच्या घरी गेले. सुनेनं उभ्यानंच पानं वाचली. मग आत गेली आणि खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन आली. आत कात्री, टेप, खडू आणि एक फुटकी पाटी.

"ताई," ती म्हणाली, "मंगळवारी दोनलाच असतं ना?"